हाफपँटच्या बदल्यात

चहा नव्या पातेल्यात केलेला होता, एवढंच आधी वनमालाच्या लक्षात आलं. गॅसवर ते पातेलं इतकं चकचकत होतं की ओट्यावरची खिडकी, खिडकीचे गज आणि गजाला टांगलेली लसणाची जुडी असं सगळं त्यात वाकडंतिकडं होऊन दिसत होतं. रविवारची सकाळ होती. बाहेरच्या खोलीत तिचा मुलगा विद्याधर टीव्हीसमोर बसला होता. पौराणिक मालिकेच्या त्या तासाला अख्खी सोसायटीच टीव्हीसमोर बसलेली असायची, आणि मुलुंड पूर्वेच्या त्या गल्लीत घराघरांतून एकच शंख, एकच टाळ्या, एकच पार्श्वसंगीत ऐकू यायचं. "छान आहे गं पातेलं," वनमाला म्हणाली. सुनेनं नवं काही घेतलं की छान म्हणून मोकळं व्हावं, हे ती स्वतःच्या सासूचे टोमणे खाऊन खाऊन शिकली होती. कुंदाचा चेहरा खुलला. "काल घेतलं, आई. तुम्ही भाजीला गेलात आणि इकडे बोहारीण आली. आधी मेली नुसता डबा दाखवत होती. मी म्हटलं, उचल तुझी टोपली. जिन्यापर्यंत गेली आणि आली गुपचूप परत." "दिलंस काय तिला?" "माझी ती काठ गेलेली जांभळी साडी, एक परकर, आणि बाबांचे जुने कपडे. तुमच्या कॉटखालच्या पेटीतले. निळी हाफपँट आणि दोन शर्ट. पेटीतल्या बुटांना मात्र हात लावेना. कॅनव्हासचे कोण घेतं म्हणाली. मग ते झाडूवाल्याला दिले, त्याच्या पोराला होतील." आणि कुंदानं चहा गाळला, कप वनमालाच्या पुढे ठेवला, आणि बशीत दोन बिस्किटंही ठेवली.

वनमाला चहा प्यायली. नंतर तिला स्वतःचाच राग आला तो याचा, की ऐकलं त्या क्षणी ती उठली नाही, कप आपटला नाही, काय केलंस हे बयो, असं ओरडली नाही. पहिला घोट घेतला, जीभ भाजली, दुसरा घेतला. पण मांड्यांना कळलं होतं. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी काळी आणि जाड झाली होती, तिथं तिला एकदम उघडं उघडं वाटायला लागलं, भर बाजारात निऱ्या सुटाव्यात तसं. त्या निळ्या हाफपँटचं कापड तिथं बसायचं. गिरणीच्या कबड्डी संघाची पँट होती ती, जाड ड्रिलची, बाजूनं पांढरी पट्टी असलेली. नवरा, दशरथ, खेळायचा तेव्हाची. त्याचं पोट सुटलं, खेळ सुटला, आणि पँट पेटीत जाऊन पडली. पुढे वनमाला धावायला लागली तेव्हा परकराच्या आत मांडीला मांडी घासून सोलपटून निघायची. खोबरेल लावून झालं, पावडर लावून झाली. मग एके दिवशी तिनं ती पँट काढली, कमरेला नाडी ओवली आणि परकराच्या आतून चढवली. वरून साडी, साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या, पदर कमरेला, पायांत कॅनव्हासचे बूट. बाहेरून बघणाऱ्याला एक बाई घाईघाईनं कुठं तरी चाललीय एवढंच दिसे. आत काय आहे हे तिलाच ठाऊक. धुतल्यावरही ती पँट परकराखाली वाळत घालायची, बायका आपले आतले कपडे घालतात तशी. एकाच घरात राहून कुंदाला ते कळलं नव्हतं, यात कुंदाचा काय दोष? सासूबाईंनी सासऱ्यांचे चार कपडे आठवण म्हणून पेटीत जपलेत, असंच कुणीही समजलं असतं. पण पेटी उघडायला कुणी सांगितलं? कुंदा विचारल्याशिवाय मिठाची बरणीसुद्धा हलवत नाही. हा प्रश्न चहाच्या तळाशी साखरेसारखा राहिला, आणि वनमालानं तो लगेच विचारला नाही. उत्तर तिला माहीत होतं आणि उत्तर बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होतं.

धावणं म्हणजे तरी काय, सुरुवातीला तर तो निव्वळ उशीर होता. तेव्हा नाहूरला चाळीत राहायचे, आणि ती आग्रा रोडवरच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. रोज पायी जायची. एके दिवशी घरातलं आवरता आवरता वेळ झाला, कारखान्याचा पहिला भोंगा वाटेतच ऐकू आला, आणि वनमाला पळत सुटली. एका हातात डबा, एका हातात चपला. चाळिशी उलटून गेलेली, एका वाढत्या मुलाची आई, ब्लड प्रेशरच्या गोळ्या नुकत्या सुरू झालेल्या. आधी छाती फुटते की काय असं झालं. मग कुठेतरी श्वासाची आणि पायांची गाठ पडली आणि डोक्यातलं सगळं, दूधवाला, सासू, विद्याधरचं गणित, सगळं एकेक करून मागे पडलं. गेट आलं. वॉचमननं तिच्यासाठी अर्धं दार उघडंही धरलं. आणि ती गेटावरून पुढे निघून गेली. का ते आजही सांगता येणार नाही. थांबावंसं वाटलं नाही एवढंच. चेकनाक्यापर्यंत गेली, तिथं ट्रकच्या रांगेशी उभी राहून डब्यातली चपाती खाल्ली, ट्रकवाले बघत होते त्यांच्याकडे उलट बघितलं, आणि चालत परत आली. अर्ध्या दिवसाचा खाडा पडला. संध्याकाळी दशरथला सांगितलं तेव्हा तो खो खो हसत सुटला. "अगो, धावतंस कित्याक? वाघ लागलो काय पाठी?" वाघ लागला नव्हता. वाघ लागला असता तर सोपं होतं, लोकांना सांगता आलं असतं.

तेव्हापासून ती धावत होती. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार सकाळी तरी. उजाडायच्या आत. मुलुंडला फ्लॅट झाल्यावर मिठागरांच्या बांधावरून, कारण तिकडे कुत्र्यांखेरीज कुणी विचारायला येत नसे. आणि विचारण्याचं काय सांगावं! बाप्ये धावले तर व्यायाम, पोरं धावली तर शर्यत. साडीतली बाई धावली की लोकांना एकच सुचतं. काय झालं? कोण आजारी आहे? सोसायटीतल्या शांताबाई तर दर वेळी दूध आणायला खाली आलेल्या असत आणि दर वेळी छातीला हात लावून म्हणत, "अगं बाई, सगळं ठीक ना वनमालाताई?" इतक्या वर्षांत एकदाही त्या माऊलीला असं वाटलं नाही की ठीक आहे म्हणूनच ही धावत असेल. वनमाला मग थांबायची, चालायला लागायची, काही नाही हो, दूध संपलं, असं म्हणायची. किती वेळा दूध संपलं तिचं! धावणं लपवायचं, पँट लपवायची, दमणं लपवायचं, तोंड धुऊन पुसून सून उठायच्या आत गॅस पेटवायचा. चोरी करणाऱ्यालाही इतकी तयारी लागत नसेल. आणि गंमत अशी की या लपवण्याची तिला इतकी सवय झाली होती की ते ओझं आहे हेच कळत नव्हतं. ते कळलं मनोरीला, खांद्यावरून उतरल्यावर.

मनोरीला बोलावलं होतं रोझमेरीनं. पॅकिंगमध्ये दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून आयुष्य घालवलं, एकदमच रिटायर झाल्या, आणि रोझमेरी आपल्या भावाकडे, फिलिपकडे, गावी राहायला गेली. "नाताळला ये. जाऊ नकोस लगेच, राहा," असं तिचं दर वर्षीचं असायचं, आणि दर वर्षी वनमालाला काही ना काही निघायचं. या वर्षी ती गेली. मालाडहून बस, मार्व्याहून होडी. होडी खाडीत लागली, पाण्याचा वास आला, किनाऱ्यावरच्या माडांची रांग जवळ जवळ यायला लागली आणि वनमालाला हसूच आलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सुट्टीवर निघाली होती आणि तीही एका बेटावर, आणि ते बेट मुंबईतच होतं. फिलिपच्या घरी एक खाट, व्हरांड्यात एक आरामखुर्ची, जेवायला मासे, आणि काम काही नाही. भांडी घासायला गेली तर रोझमेरीनं हातातून हिसकावून घेतली. पहिल्या पहाटे तिला सवयीनं जाग आली. ती साडी खोचून, थंडीसाठी वरून दशरथचा जुना शर्ट चढवून किनाऱ्यावर निघाली तर मागून रोझमेरी आली कपात चहा घेऊन. "अशी धावणार तू? साडीत? एक लाट आली ना, पायात अडकून तोंडावर पडशील, वनमाला. मग मी विद्याधरला काय तोंड दाखवू?" "मग काय करू?" "आत काय घातलंय ते मला माहीत नाही का? लॉकररूममध्ये एवढी वर्षं काय आंधळी होते मी? काढ ती साडी."

आणि तिनं साडी काढली. म्हणजे वरची साडी तेवढी काढली आणि परकर काढला, दोन्हीची घडी करून रोझमेरीच्या हातात दिली, दशरथचा शर्ट वर होताच, आणि ती निघाली. काय सांगावं ते! ओली वाळू इतकी घट्ट की पाय रुततही नाही आणि दुखतही नाही. वारा गुडघ्यांना लागला. गुडघ्यांना वारा लागतो हे ती लहानपणी फ्रॉक सुटला तेव्हापासून विसरली होती. ऊन वर आल्यावर तिनं खाली बघितलं तर स्वतःचे पाय तिला परके वाटले, इतके गोरे, इतके दणकट, पोटऱ्यांवर शिरांच्या निळ्या गाठी, आणि तरी एका मागून एक पुढे पडणारे. हे माझे आहेत, तिला वाटलं. हे सगळं आयुष्य मला घेऊन फिरलेत आणि मी यांना कधी उजेड दाखवला नाही. तिला सुख झालं, साधं, भरपूर, पोट भरल्यावर होतं तसं सुख. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांपाशी तीन बायका बसल्या होत्या. तिला धावत येताना बघून तिघीही उठून उभ्या राहिल्या. "कोन मेला गो?" एकीनं हाक मारली. वनमालाचा पाय अडखळला. इथंही तेच. तोंडावर ते दुधाचं उत्तर आलंसुद्धा. पण इथं दूध संपलं म्हणून कुणाला सांगणार? "कुणी नाही," ती ओरडली, "मीच. माझं मी धावतेय!" बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग त्या खाली बसल्या आणि बोंबील उलटवायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मान वर करून बघितलं. तिसऱ्या दिवशी बघितलंही नाही. इतकंच असतं ते, वनमालाला वाटलं. एकदा खरं उत्तर दिलं की लोक आपापले बोंबील उलटवायला लागतात. आणि आपण इतकी वर्षं खोटं उत्तर देत राहिलो म्हणून शांताबाईही इतकी वर्षं विचारत राहिल्या.

याच भरात तिच्याकडून ती चूक झाली, चूक म्हणायची तर. वर्षअखेरीस किनाऱ्यावर पिकनिकवाल्यांची गर्दी झाली. एक मोठा घोळका आला होता, ट्रान्झिस्टर, बॅडमिंटनची जाळी, बिर्याणीचं पातेलं. त्यातला एक जण डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे टक लावून बघत होता. तिनं ओळखलं. सत्यनारायणाला घरी येऊन दोनदा शिरा मागून घेतला होता त्यानं. ओळखीचं माणूस दिसलं की बोलायचं, हा तिचा स्वभावच. धावता धावता तिनं हात वर केला, "काय हो, तुम्ही विद्याधरच्या ऑफिसातले ना? शिरा आवडला होता तुम्हाला!" त्या गृहस्थानं गोंधळून दोन्ही हात जोडले. एका हातात बॅडमिंटनची रॅकेट होती. वनमाला पुढे निघून गेली आणि तो सगळा प्रकार विसरूनही गेली. घरी आली ती बोंबलांची पुरचुंडी, काळवंडलेलं तोंड आणि डोक्यात एकच गोष्ट घेऊन, की आता पुरे झालं लपवणं. दुसऱ्याच सकाळी धावून आली, पँट धुतली आणि बाल्कनीतल्या दोरीवर सगळ्यांच्या पुढे, कडेला, दोन चिमटे लावून वाळत घातली. निळी, बाजूनं पांढरी पट्टी. खालून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. कुंदाला वाटलं, सासूबाई पेटीतल्या कपड्यांना ऊन देतायत. त्याच संध्याकाळी विद्याधर ऑफिसातून आला तो नेहमीसारखा "आई, चहा" म्हणाला नाही. बूट काढले, बाल्कनीत गेला, तिथं बराच वेळ उभा राहिला. जेवताना आमटीत बघत म्हणाला, "आई, आता धावणं पुरे. वय झालं. एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ." वनमाला "बरं" म्हणाली. घरात बायका जे बरं म्हणतात, ते बरं. त्याचा अर्थ नुसतं ऐकू आलं इतकाच असतो. पण विद्याधरनं तो होकार धरला.

टीव्हीवरचं संगीत संपलं. गल्लीभर दारं उघडल्याचे, मुलं खाली पळाल्याचे आवाज सुरू झाले. वनमालानं कप विसळून पालथा घातला आणि बाहेरच्या खोलीत गेली. विद्याधर टीव्हीवर कापड झाकत होता. तो पाठमोरा असतानाच तिनं विचारलं, "पेटी उघडायला कुंदाला तू सांगितलंस?" त्यानं कापडाची कोपऱ्यातली सुरकुती काढली. "बाबांचे कपडे होते ते आई. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत. काकी मागेच म्हणत होत्या." "चार वर्षं ठेवले तेव्हा काही झालं नाही." "म्हणून आता दिले." "ते बाबांचे नव्हते. माझे होते. मी घालायची ते. तू बाल्कनीत उभा राहून बघितलेस, तुला चांगलं माहीत होतं." कुंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात नवं पातेलं तसंच होतं, आणि तिचं तोंड एकदम उतरलं. "अहो, तुम्ही मला म्हणालात, आईंना विचारलंय," ती नवऱ्याला म्हणाली. विद्याधरनं तिच्याकडे बघितलं नाही. वनमालाला त्या पोरीची कीव आली. बिचारी बोहारणीशी एवढं भांडली, ते सासूच्या चड्डीसाठी हे तिला कुठं माहीत होतं.

"कुलकर्णीनं अख्ख्या सेक्शनमध्ये सांगितलं," विद्याधर म्हणाला. आता तो तिच्याकडे वळला होता आणि त्याचा आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता. "विद्याधरची आई मनोरीला चड्डी घालून धावत होती. कँटीनमध्ये मी आलो की गप्प बसतात सगळे. तुला कळतंय का काही? साठीला आलीस तू. चार लोकांत माझं काय राहिलं?" "तुझं काय घेतलं मी? मी धावले. तुझ्या टेबलावर तर नाही ना नाचले?" "पडलीस तर? छातीत दुखायला लागलं तर? कोण बघणार आहे तुला त्या मिठागरात?" "आजवर कोण बघत होतं?" विद्याधर खिडकीशी गेला. खाली पोरांच्या क्रिकेटचा टप्पा टप्पा आवाज चालला होता. आणि मग जे बोलला ते इतक्या हळू आवाजात, की ते आत्ता सुचलेलं नव्हतं हे तिला लगेच कळलं. "बाबा गेले तेव्हासुद्धा तू धावायला गेलीस. सुतकात. दहावं व्हायचं होतं अजून. घर माणसांनी भरलेलं, आत्या रडतेय, आणि तू पहाटे उठून गेलीस. मी जागा होतो. तुझ्या पायांना चिखल होता आणि तोंड लाल झालं होतं. मी झोपेचं सोंग घेतलं. तेव्हापासून मी ते कुणाला बोललो नाही."

वनमाला खुर्चीवर बसली. असं होतं तर. चड्डी आणि कुलकर्णी आणि ब्लड प्रेशर, हे सगळं वरचं. आत हे होतं. चार वर्षं हा मुलगा तिच्या हातचं जेवत होता आणि मनात तिला चिखलाच्या पायांनी दारातून आत येताना बघत होता. ती सकाळ तिला स्वच्छ आठवत होती. संपाचा दुसरा पावसाळा. गिरणी बंद, दशरथ घरात बसून बसून खंगलेला, आणि एका दुपारी पेपर वाचता वाचता त्याची मान एका बाजूला कलली ती कललीच. मग माणसं आली. गावाहून आली, परळहून आली, रडायला आली आणि राहिली. तिला मधोमध बसवलं, बांगड्या उतरवल्या, आणि जो येईल तो तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडायचा, आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. तिला रडायला जागाच राहिली नव्हती. छातीवर कुणीतरी तांदळाचं पोतं ठेवलंय असं झालं होतं. रात्री तिला वाटायचं, आपण इथून उठून चालत सुटावं आणि कुठंतरी जाऊन परत येऊच नये. दाराची कडी कशी काढायची, कुठली गाडी धरायची, इथपर्यंत तिनं ठरवलं होतं. त्या पहाटे ती बाहेर पडली तेव्हा धावायला पडली की पळून जायला, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. पाऊस नव्हता पण बांध निसरडा होता. ती धावली आणि ओरडली आणि रडली, तोंड वर करून, मोठ्यानं, शिव्या देत, दशरथलाच शिव्या देत, आणि कुत्री भुंकत लांबून तिच्या बरोबर पळत राहिली. बांध संपला तिथं पुढे रस्ता होता. ती तिथं उभी राहिली. आणि मागे फिरली.

"हो, गेले," ती म्हणाली. "गेले होते विद्याधर, आणि परत आले. परत येता यावं म्हणूनच गेले होते. त्या दिवशी धावले नसते ना, तर तुला आई राहिली नसती. बाप गेला होता, आईपण गेली असती. तू पाय बघितलेस माझे. ते कुठल्या बाजूला वळले होते ते नाही बघितलंस?" विद्याधरचं तोंड किंचित उघडं राहिलं. लहानपणी गणित चुकलं की असंच राहायचं. तिला वाटलं उठावं, त्याच्या केसांतून हात फिरवावा. पण तसं केलं असतं तर सगळं मिटलं असतं, आणि मिटलं म्हणजे तिचंच बंद झालं असतं. अशाच वेळी हात फिरवून फिरवून घराघरांतल्या बायकांनी आपलं सगळं देऊन टाकलेलं असतं. तिनं हात मांडीवरच ठेवला. "लाज वाटायची तर खुशाल वाटू दे तुला," ती म्हणाली, "मी तुझी समजूत काढणार नाही." आणि उठून तिनं निऱ्या वर खोचल्या. पदर कमरेला आवळला. कुंदा म्हणाली, "आई, आत्ता? अहो, आत्ता सगळे खाली असतील. आणि तुमचे बूटही..." "चड्डी दिलीत, बूट दिलेत," वनमाला दार उघडता उघडता म्हणाली, "पाय आहेत ना अजून!"

खाली सगळेच होते. टीव्ही संपल्यावर रविवारी असतातच तसे, बाप्ये पेपर घेऊन कट्ट्यावर, पोरं स्टंप मांडून, बायका गॅलऱ्यांत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून वनमालानं धावायला सुरुवात केली. पोरांचा बॉल थांबला. शांताबाई पिशवी घेऊन समोरूनच येत होत्या, त्यांचा हात सवयीनं छातीकडे गेला. "अगं बाई, वनमालाताई, काय झालं?" "काही झालं नाही हो," वनमाला न थांबता म्हणाली, "व्यायाम करतेय. नेहमी करते. पंधरा वर्षं झाली." आणि त्यांच्या अंगावरून पुढे गेली. गेटाबाहेर डांबर होतं. अनवाणी पायांना ते चांगलंच टोचत होतं, खडी उखडली होती तिथं तर जीवच जात होता. मांड्या घासायला लागल्या होत्या, आता आत काही नव्हतं. श्वास अजून पायांना भेटला नव्हता. घशात चहाची चव येत होती. आणि तरी तिला इतकं मोकळं वाटत होतं की रस्त्याच्या मधोमध जावंसं वाटलं, आणि ती गेली. पानवाला बघत राहिला. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं दोघांकडेही मान वळवून उलट बघितलं, आणि दोघांनीही नजर खाली केली.

स्कूटर मागून आली ती आधी आवाजानं कळली. विद्याधरची स्कूटर ती हजार स्कूटरींत ओळखली असती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली, रोज सकाळी फडक्यानं पुसलेली. तो तिच्या बाजूला आला. घरातल्या लेंग्यावरच आला होता, पायांत कुंदाच्या चपला. "आई, बस मागे." ती धावत राहिली. त्यानं स्कूटर तिच्या चालीनं चालवायला बघितलं, पण इतक्या हळू ती चालेना, हँडल डावी-उजवीकडे डुलायला लागलं आणि त्यानं एक पाय खाली सोडला. "आई, ऐक ना. लोक बघतायत गं." "बघू देत." "पाय फुटतील. काचा असतात. थांब तरी." "नाही थांबत." "पण का? काय मिळतं तुला यातून?" तिला दम लागला होता, पुरती वाक्यं येत नव्हती, पण हे सांगणं गरजेचं होतं आणि तिनं ते सांगितलं. "विद्याधर. लाज वाटत असेल... तर पुढे निघून जा. मी तुझी कुणी नाही असं दाखव. मला चालेल. आणि काळजी वाटत असेल... तर मागून ये. पण बाजूला... बाजूला राहून मला थांबव म्हणू नकोस. ते आता होणार नाही."

स्कूटर बंद पडली. बंद पडली की त्यानं केली ते तिला कळलं नाही, आणि तिनं वळून बघितलं नाही. आता फक्त तिच्या पायांचा आवाज होता, डांबरावर पडणारे दोन तळवे, आणि कानांत रक्त. गेला असेल परत, तिला वाटलं. जाऊ दे. दुःख झालं, खोटं कशाला सांगावं, चांगलंच झालं, पण पाय थांबले नाहीत आणि त्यांनी थांबावं असं तिला वाटलंही नाही. शाळेची भिंत गेली, पिठाची गिरणी गेली, नवीन बांधकामाचे बांबू गेले. गॅलरीतून कुणीतरी कुणाला तरी बोलावून तिला दाखवलं. श्वास एकदाचा पायांना येऊन भेटला. आणि तेवढ्यात लांब मागे किक मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग इंजिन लागलं. ते जवळ येत गेलं, येत गेलं, आणि एका अंतरावर येऊन तिथंच राहिलं. पुढेही आलं नाही, बाजूलाही आलं नाही. पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, तिच्या पाठीमागून, सगळ्या मुलुंडच्या डोळ्यांदेखत ते येत राहिलं.

वनमालानं वेग वाढवला. मागे विद्याधरला गिअर बदलावा लागला.